भिंतीची लांबी

शाळेच्या आवाराची भिंत किती लांब आहे, असे गुरुजींनी विचारले, तर तुम्ही लगेच दोरी घेऊन धावाल. पण क्षणभर थांबा. फाटकाची रुंदी लांबीत धरायची का? मागच्या बाजूस भिंत नसून ओढाच कुंपणाचे काम करीत असेल, तर तो मोजायचा का? पावसाळ्यात ढासळलेला भाग सोडून द्यायचा का? हे ठरल्यावाचून दोरी ताणण्यात काही अर्थ नाही.

चीनच्या प्रचंड भिंतीविषयी हेच प्रश्न उभे राहिले. चिनी लोक तिला 'दहा हजार लींची लांब भिंत' म्हणतात. 'ली' म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर. पण येथे 'दहा हजार' म्हणजे 'अगणित' असाच अर्थ घ्यावयाचा. हे नाव मोजणाऱ्याचे नव्हे, विस्मयचकित झालेल्या माणसाचे आहे.

ही भिंत एका राजाने एकाच वेळी बांधलेली नाही. इ. स. पूर्व २२१ मध्ये सम्राट शी हुआंग ती याने सारा चीन एका छत्राखाली आणला आणि उत्तरेकडील जुन्या राज्यांच्या भिंती जोडून घेतल्या. त्या बहुतांशी माती ठोकून केलेल्या होत्या. चित्रांत आपण पाहतो ती विटांची व दगडांची भिंत पुष्कळ नंतरची, मिंग घराण्याच्या काळातील (१३६८ ते १६४४) होय.

इ. स. २००९ मध्ये चीन सरकारने मिंगकालीन भिंतीचे मोजमाप प्रसिद्ध केले. लांबी भरली ८,८५१.८ किलोमीटर. त्यांपैकी प्रत्यक्ष भिंत ६,२५९.६, खंदक ३५९.७ आणि डोंगर, नद्या यांसारखे निसर्गाचे अडथळे २,२३२.५ किलोमीटर. पुढे २०१२ मध्ये दुसरा आकडा आला : २१,१९६ किलोमीटर! मग तीन वर्षांत भिंत वाढली काय? मुळीच नाही. या वेळी सर्व राजघराण्यांच्या भिंती व त्यांचे अवशेष गणनेत धरले होते.

माझ्या मते दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु काय मोजले, हे न सांगता त्यांतील कोणताही एक सांगणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय.

कोणी म्हणेल, "एवढ्या भव्य वस्तूस आकड्यांत कशाला बांधावे? तिचे नवल तेवढे राहू द्या." मला हे पटत नाही. याच नवलापोटी 'ही भिंत चंद्रावरून दिसते' अशी आख्यायिका पसरली. भिंत अवघी काही मीटर रुंद, आणि चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर! ती तेथून साध्या डोळ्यांना कशी दिसावी? २००३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले चिनी अंतराळवीर यांग लिवेइ यांनी आपल्याला ती दिसली नाही, असे सरळ सांगितले. त्यामुळे भिंतीचा मोठेपणा तिळमात्र उणा झाला नाही.

मोजण्याचे आणखी एक कारण आहे. वारा व पाऊस या भिंतीला झिजवीत आहेत. घरे बांधण्यासाठी लोकांनीही तिच्या विटा नेल्या आहेत. तिच्या रक्षणासाठी २००६ मध्ये चीनमध्ये खास नियम करावे लागले. जे मोजलेच नाही, त्यातले किती गेले, हे कळणार तरी कसे?

मात्र एक गोष्ट कोणत्याही दोरीने मोजता येत नाही. ती म्हणजे माती वाहणाऱ्या व दगड चढविणाऱ्या असंख्य अनामिक हातांचे कष्ट. आकडा लिहिताना त्यांचे स्मरण ठेवावे, म्हणजे आपले मोजमाप पुरे होईल.