निळा दोषी, तपकिरी दोषी, पांढरा निर्दोष?

ॲसबेस्टॉसच्या कारखानदारांना रंगभेदाचे मोठे प्रेम आहे. निळा क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट घातक होते, हे ते आता उदार मनाने मान्य करतात. पांढरा क्रिसोटाइल मात्र निरुपद्रवी. आणि गरिबांच्या डोक्यावरचे सिमेंटचे पत्रे त्याचेच, तेव्हा चिंता नसावी! दोन आरोपींना फासावर देऊन तिसऱ्याला सोडवण्याचा हा वकिली डाव आहे.

निळ्याच्या तुलनेत पांढऱ्यापासून मेसोथेलिओमाचा धोका कमी, एवढाच त्यातील सत्यांश. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. हा धागा जळत नाही, कुजत नाही. म्हणून तो बॉयलरभोवती गुंडाळला गेला, जहाजांत, नळांत, मोटारींच्या ब्रेकमध्ये गेला. फुप्फुसात शिरल्यावरही तो कुजत नाही, हे मात्र जाहिरातीत आले नाही. दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲसबेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात, खाणीत कधीही काम न केलेल्या माणसांनाही हा कर्करोग झाल्याचे वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० सालीच दाखवून दिले होते. ब्रिटनने निळा व तपकिरी १९८५ मध्ये बंद केला. पांढऱ्याला १९९९ पर्यंत अभय मिळाले. कॅनडाची नीती तर याहून सोज्वळ! स्वतःच्या संसद-इमारतींतून ॲसबेस्टॉस उपसून काढायचा आणि क्वेबेकच्या खाणींतला भारताला विकायचा. त्या खाणी थंडावल्यावर, २०१८ साली, तेथे बंदी आली. भारतात आता रशियाचा माल येतो.

पत्रा अखंड असेपर्यंत धागा सिमेंटमध्ये बद्ध राहतो, हे खरे. परंतु पत्रा कापावा लागतो, त्याला भोके पाडावी लागतात, वादळात तो फुटतो. आणि कारखान्यात तर धाग्याची पोती फोडावीच लागतात.

पत्रा स्वस्त दिसतो, कारण त्याच्या किमतीत मजुराचे फुप्फुस धरलेले नसते. रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी प्रकट होतो. तोवर नफ्याची वाटणी होऊन गेलेली असते. हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. परंतु ज्या कंत्राटी मजुराचे नावच हजेरीपटावर नाही, त्याची नोंद कोण ठेवणार? आयात बंद करा, ही मागणी आहेच. तिच्या आधी कामगार संघटनांनी प्रत्येक कारखान्याच्या दारात जाऊन ही चाळीस वर्षांची वही दाखवायला सांगावे.