बाळाच्या लघवीचा नमुना



मातीचा नमुना खताच्या रिकाम्या पोत्यात भरू नका, हे सांगता सांगता माझी तीस वर्षे गेली. पोत्यातले चिमूटभर खत मिसळले की अहवाल खोटा येतो. तीच चूक माझ्या नातवाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांदेखत झाली.

लेक बाळंतपणाला आली होती. विसाव्या दिवशी बाळ तापले, अंगावर पिईना. दवाखान्यात लघवी तपासायची ठरली. एवढ्याशा बाळाला 'आता कर' म्हणून कसे सांगणार? जांघेत प्लॅस्टिकची चिकटपिशवी लावली. लघवी आली, पण कातडीवरचे आणि शीचे जंतूही तिच्यात उतरले. अहवाल आला : नमुना दूषित. तोवर औषधाच्या सुया सुरू झालेल्या, म्हणजे नव्या नमुन्यात जंतू सापडायची खात्री नाही. दोष लघवीचा होता की नाही हे कळलेच नाही, आणि पोराने सगळ्या सुया सोसल्या.

पुढच्या वर्षी पुतण्याच्या बाळाला बाराव्या दिवशी ताप आला. या दुसऱ्या दवाखान्यातल्या सिस्टर जाणत्या होत्या. औषध सुरू करण्याआधी त्यांनी बाळाला पाजायला सांगितले. वीस-पंचवीस मिनिटांनी जागा स्वच्छ धुतली. आईने बाळाला काखांत धरून पाय लोंबते ठेवले. सिस्टरांनी ओटीपोटावर बोटांनी भरभर, हलक्या हाताने अर्धा मिनिट थोपटले. मग कमरेशी मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी तेवढाच वेळ गोल चोळले. दुसऱ्या फेरीला धार आली! सुरुवातीची सोडून मधली धार निर्जंतुक डबीत झेलली. (दगडी झालेल्या गाईचे दूध तपासणीला देताना पहिल्या धारा आपण सोडतोच की.) डबी लगेच प्रयोगशाळेत गेली. जंतू सापडला, त्यावर लागू पडणारे औषधही कळले.

मला फारसे नवल वाटले नाही. गाईच्या मायांगाखाली हलके चोळून गुरांचे डॉक्टर असाच नमुना घेतात. बाळांसाठीची ही रीत स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली छापली. ८० नवजात बाळांपैकी ८६ टक्के बाळांत ती साधली, आणि सरासरी वेळ लागला एक मिनिटाच्या आत.

हे घरी करत बसायचे नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे त्याच घटकेला दवाखाना. बाळ फार आजारी असेल तर डॉक्टर नळी घालून किंवा ओटीपोटातून सुईने लघवी काढतात. ते पाहून घाबरू नये. असा नमुना अधिक स्वच्छ असतो. पिशवी लावू लागले तर मात्र 'जंतूंची तपासणी याच लघवीवर करणार का?' एवढे विचारावे. डॉक्टर सहसा रागावत नाहीत. रागावले तरी विचारावे.