अपडेटच्या प्रतीक्षेत सातबारा

प्रतिनिधी, येडगाव (ता. जुन्नर)

सप्टेंबर महिना उजाडला की शहरांतील मोबाइलप्रेमींना एकच उत्सुकता लागून राहते. ॲपलची नवी प्रणाली कधी येणार, आपल्या फोनला ॲण्ड्रॉइडची पुढची आवृत्ती मिळणार की नाही, गेल्या वर्षी हुकलेली सोय या वेळी तरी पदरात पडणार का, याची चर्चा महाविद्यालयांच्या कट्ट्यांपासून कार्यालयांपर्यंत रंगते. ही प्रतीक्षा हौसेची असते. अपडेट आले नाही तर थोडी निराशा होते, इतकेच.

त्याच सप्टेंबरात जुन्नर तालुक्यातील येडगाव, नारायणगाव, खोडद परिसरातील शेतकरीही हातात फोन घेऊन अपडेटची वाट पाहत असतो. त्याची प्रतीक्षा मात्र हौसेची नाही. खरिपाच्या ई-पीक पाहणीची मुदत संपत आलेली असते, आणि बांधावर उभे राहून काढलेले छायाचित्र शासनाच्या यंत्रणेपर्यंत पोहोचले नाही, तर त्याच्या सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहण्याची भीती असते. अपडेट हा शब्द येथे थेट उत्पन्नाशी जोडला गेला आहे. म्हणूनच या प्रश्नाकडे केवळ तंत्रज्ञानाच्या चष्म्यातून पाहून चालणार नाही.

पेन्सिलीपासून पडद्यापर्यंत

गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे, हे तलाठ्याने प्रत्यक्ष पाहून लिहावे, अशी जुनी पद्धत. एका तलाठ्याकडे अनेक गावे असल्याने पाहणी प्रत्यक्षात किती होई आणि चावडीवर बसून किती नोंदी होत, हे ग्रामीण महाराष्ट्राला ठाऊक आहे. यावर उपाय म्हणून महसूल व कृषी विभागांनी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या पिकाची नोंद करावी, हा त्यामागचा विचार. सातबाऱ्यावर काय लिहिले जाते यात खातेदाराला प्रथमच थेट हात मिळाला, आणि हा बदल लहान नव्हता.

पहिल्या आवृत्तीत उणिवा होत्या. मिश्र पिकांत मुख्य पिकासोबत दोनच दुय्यम पिके नोंदवता येत. एकदा झालेली चूक शेतकऱ्याला स्वतः सुधारता येत नसे. आपण नेमके आपल्याच गटात उभे आहोत की शेजाऱ्याच्या, हे फोन सांगत नसे. या तक्रारींची दखल घेऊन १ ऑगस्ट २०२२ रोजी दुसरी आवृत्ती आली. तीन दुय्यम पिकांची सोय झाली, ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्तीची मुभा मिळाली आणि गटाच्या सीमेबाहेर असल्यास सूचना मिळू लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंघोषित मानून त्यांपैकी दहा टक्के नोंदींचीच तलाठ्याने तपासणी करावी, असेही ठरले. वापरणाऱ्याने उणीव सांगावी आणि पुढील आवृत्तीत ती दूर व्हावी, असे हे चांगले उदाहरण होय.

पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी ही योजना जोडली गेली. २०२४ च्या रब्बीपासून राज्यभर नवे ॲप आले आणि गटाच्या पन्नास मीटरच्या आत उभे राहूनच पिकाचे छायाचित्र काढणे बंधनकारक झाले. घरी बसून केलेल्या आणि चुकीच्या नोंदींना आळा घालण्यासाठी ही अट आवश्यक होती, हे मान्य केले पाहिजे. शेतकऱ्याकडून राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायकही नेमण्यात आले.

येथेच एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ॲप जसजसे सुधारते, तसतशी फोनकडून असलेली त्याची अपेक्षा वाढते. उपग्रहाधारित अचूक स्थान, बरा कॅमेरा, पुरेशी मोकळी जागा आणि पुरेशी नवी प्रणाली, एवढे सगळे असेल तरच नवी सोय उपयोगी पडते. स्थान निश्चितीला इंटरनेटची मदत मिळते, तेव्हा ती काही क्षणांत होते. जेथे रेंज क्षीण असते, तेथे जुना फोन उपग्रहांचा शोध घेत मिनिटेच्या मिनिटे घालवतो. एका शेतकऱ्याची अडचण दूर करणारी आवृत्ती दुसऱ्या शेतकऱ्याला यंत्रणेबाहेर ढकलू शकते, हा या सुधारणेतील अंतर्विरोध आहे.

कोऱ्या रकान्याची किंमत

नोंद न होण्याची किंमत काय असते, हे जुन्नरच्या कांदा उत्पादकांना २०२३ मध्ये कळले. भाव कोसळल्यानंतर शासनाने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. मात्र सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीद्वारे कांद्याची नोंद असावी, अशी अट होती. कांदा पिकवला, बाजार समितीत विकला, पावतीही हातात आहे, पण सातबाऱ्यावर कांदाच नाही, अशी अनेकांची अवस्था झाली. २०० क्विंटल विकणाऱ्याच्या दृष्टीने हा ७० हजार रुपयांचा प्रश्न होता. अखेर गावपातळीवरील समितीमार्फत पडताळणीचा मार्ग काढावा लागला.

पुढच्याच वर्षी त्याची पुनरावृत्ती झाली. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, तेव्हाही ई-पीक पाहणीची नोंद ग्राह्य धरण्यात आली. वगळल्या गेलेल्यांच्या तक्रारींनंतर ही अट शिथिल करण्यात आली. दोन्ही वेळा शासनाने शहाणपणाची भूमिका घेतली. पण अट आधी घालायची, ओरड झाल्यावर काढायची, या क्रमाचा अर्थ स्पष्ट आहे. ॲपमध्ये नोंद नाही म्हणजे शेतात पीक नाही, हे गृहीतक प्रत्यक्षात टिकत नाही, याची ही प्रशासनाने स्वतःच दिलेली कबुली होय.

फोन शेतापर्यंत पोहोचतो तेव्हा

शेतकऱ्याने फोन अद्ययावत ठेवावा, हा सल्ला सोपा आहे. तो अमलात आणणे मात्र बहुतेकदा त्याच्या हाती नसते. ॲण्ड्रॉइडची नवी आवृत्ती गुगल तयार करते. ती आधी चिप बनवणाऱ्या कंपनीकडे जाते, तेथून फोन बनवणाऱ्या कंपनीकडे, आणि ती कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलसाठी तिची जुळवणी करते. या साखळीत कोणत्याही दुव्याने हात वर केले की मॉडेल तेथेच थांबते. ही साखळी आखूड करण्याचे प्रयत्न झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये गुगलने ॲण्ड्रॉइड वन हा उपक्रम भारतातूनच सुरू केला. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे ६,३९९ रुपयांपासूनचे फोन आणि अपडेट थेट गुगलकडून, असे ते आश्वासन होते. स्वस्त फोनच्या बाजारात ते मूळ धरू शकले नाही. २०१७ मध्ये प्रणालीची रचनाच बदलून जुळवणीचे काम हलके करण्यात आले. त्याचा लाभ झाला, पण मुख्यतः ज्या कंपन्यांना अपडेट देण्याची इच्छा होती त्यांच्याच ग्राहकांना.

आज गुगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या फोनना सात वर्षे अपडेट देण्याची हमी देतात. गुगलने ती २०२३ मध्ये, तर सॅमसंगने २०२४ मध्ये दिली. दहा हजारांच्या आतील फोनना मात्र एक-दोन आवृत्त्या मिळाल्या तरी समाधान मानावे लागते. शिवाय मुदत मोजली जाते ती मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून. आपल्याकडे फोनचा प्रवास कसा होतो, ते पाहिले की या मोजणीतील खोच ध्यानात येते. चाकणच्या कारखान्यात किंवा पुण्यात नोकरी करणारा मुलगा सवलतीच्या काळात, म्हणजे बरेचदा मॉडेल वर्षभर जुने झाल्यावर, फोन घेतो. दोन-तीन वर्षांनी तो नवा घेतो आणि जुना गावी आई-वडिलांकडे येतो. फोन बांधावर पोहोचतो तेव्हा त्याच्या अपडेटचे आयुष्य संपलेले असते. ज्या हातांना शासकीय कामासाठी फोन सर्वाधिक लागतो, त्याच हातांत सर्वांत जुना फोन असतो.

प्रणाली जुनी झाली म्हणून ॲप त्याच दिवशी बंद पडत नाही, हेही खरे. ॲपच्या नव्या आवृत्त्या काही काळ मिळत राहतात. पण प्रत्येक ॲपने ठरवलेली एक किमान पायरी असते आणि ती वर सरकत राहते. सुरक्षेसाठी तिचे वर सरकणे अपरिहार्य आहे. प्रश्न एवढाच, की ती कधी आणि किती सरकणार हे शेतकऱ्याला हंगामापूर्वी कोण सांगणार?

मराठीची वेगळी प्रतीक्षा

यात भाषेच्या प्रतीक्षेची भर पडते. ॲप या शब्दातील ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. त्यानंतरही ज्या फोनमधील अक्षरसंच जुना होता, तेथे या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसत असे. ॲण्ड्रॉइडच्या प्रणालीत मराठी ही निवडण्याजोगी भाषा झाली २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत. आयफोनला मराठी कळफलक त्याच वर्षी मिळाला, मात्र संपूर्ण प्रणाली मराठीत येण्यास २०२५ उजाडले. बोलून मराठी टंकलेखन करण्याची गुगलची सोय २०१७ ची. देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अधिकृत भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, असा भारतीय मानक ब्युरोचा दंडक २०१६ चा, आणि त्याच्या अंमलबजावणीची मुदतही पुढे ढकलली गेली होती.

म्हणजे कोट्यवधी लोकांच्या भाषेलाही एकेका सोयीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. यातून मिळणारा धडा महत्त्वाचा आहे. सोय बाजारात उपलब्ध होणे आणि ती शेवटच्या माणसाच्या हाती पडणे, यांत बरेच अंतर असते. ज्याला टंकन जमत नाही, त्याला बोलून नोंद करता आली पाहिजे आणि भरलेली माहिती फोनने मराठीत वाचून दाखवली पाहिजे. पीक पाहणीसारख्या कामात ही सोय चैनीची नव्हे, गरजेची आहे.

खोडदचा धडा

जुने यंत्र नवे कसे ठेवावे, याचा वस्तुपाठ येडगावच्या परिसरातच उभा आहे. खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आजही त्याच आहेत. शास्त्रज्ञांनी गेल्या दशकात त्यांवरील ग्राहक यंत्रे आणि संगणकीय व्यवस्था बदलली. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहणारी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा पाहू लागली. सांगाडा तोच, दृष्टी नवी. हे शक्य झाले, कारण त्या यंत्राच्या भवितव्याची जबाबदारी घेणारी एक संस्था होती. बांधावरील फोनला असा धनी नाही. गुगल कंपनीकडे बोट दाखवते, कंपनी मॉडेलच्या वयाकडे, आणि शासन शेतकऱ्याकडे.

जबाबदारी कोणाची?

उपाय अशक्य नाहीत. पहिला म्हणजे, पीक पाहणीच्या ॲपची नवी आवृत्ती हंगाम सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी यावी आणि हंगाम चालू असताना जुनी आवृत्ती बंद पडू नये. पेरणीचे वेळापत्रक आभाळ ठरवते. निदान ॲपचे तरी कृषी पंचांगाप्रमाणे चालावे. दुसरा, कोणत्या आवृत्तीखालील फोन चालणार नाहीत, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. तिसरा, नोंदीचा प्रयत्न अयशस्वी झाल्यास त्याची दिनांकित पोच शेतकऱ्याला मिळावी, म्हणजे नंतर अनुदानाच्या वेळी पुरावा राहील. चौथा, गावच्या सहायकाने किती नोंदी केल्या याबरोबरच किती गट राहिले, हेही मुदत संपण्यापूर्वी गावात जाहीर व्हावे. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले असले, तरी शेतात काय उभे आहे हे जाणण्याचे मूळ कर्तव्य बदललेले नाही.

याहून मोठा उपाय ग्राहकहक्काचा आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनसाठी नवे नियम लागू केले. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीची अपडेट उपलब्ध ठेवण्याची तरतूद त्यांत आहे. मुदत मॉडेलच्या जन्मापासून न मोजता विक्रीच्या शेवटापासून मोजणे, हे त्यातील मर्म होय. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्ती म्हणजे केवळ फुटलेली काच बदलणे नव्हे; प्रणाली चालू ठेवणे हीसुद्धा दुरुस्तीच आहे, हा विचार त्यात यावयास हवा. ज्या देशात शासनाच्या योजना फोनच्या वाटेने येतात, तेथे तो फोन किती वर्षे चालेल हे केवळ कंपनीच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

कुकडी प्रकल्पात येडगावचे धरण मोक्याच्या जागी आहे. येथून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे पाणी नेतो. पाणी कालव्याच्या मुखाशी सुटले म्हणजे शेवटच्या शेतात पोहोचले, असे या खोऱ्यातील कोणताही शेतकरी मानत नाही. वाटेतील गळती, चाऱ्यांची अवस्था आणि पाळीचे वेळापत्रक त्याला ठाऊक असते. म्हणून तो शेवटच्या टोकाचा हिशेब मागतो. ॲपची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली, की काम झाले असे समजणाऱ्या यंत्रणेलाही हाच हिशेब लावला पाहिजे. ॲप किती जणांनी उतरवून घेतले, यापेक्षा हंगामाअखेर किती सातबारे कोरे राहिले आणि का राहिले, हा आकडा अधिक मोलाचा आहे. तो दरवर्षी गावनिहाय जाहीर होऊ लागेल, तेव्हा पुढच्या आवृत्तीत काय हवे हे शासनाला वेगळे विचारावे लागणार नाही.