कोरोना सगळ्यांसाठी सारखाच होता, मग आदिवासी वस्त्यांना फटका जास्त का?

मे 2021. 18 ते 44 वयोगटाला लस हवी असेल तर आधी कोविन पोर्टलवर नोंदणी करा, असा नियम आला. शहरातली पोरं मोबाईल हातात धरून स्लॉट उघडायची वाट बघत होती. पण ज्या वस्तीत रेंजच नाही, तिथल्यांनी काय करायचं? सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायची मुभा 24 मे रोजी मिळाली. थोडक्यात, लस आली होती, पण तिच्यापर्यंत जायचा रस्ता मोबाईलमधून जात होता.

किनवट-माहूरचा प्रश्न काय?

नांदेड जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांत गोंड, कोलाम, आंध, परधान समाज राहतो. त्यातल्या कोलामांची नोंद सरकारदरबारी 'आदिम जमात' अशी आहे. किनवटहून नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज सव्वाशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. त्यापेक्षा तेलंगणातलं आदिलाबाद जवळ, पण लॉकडाऊनमध्ये राज्याच्या सीमेवरच अडवणूक.

लॉकडाऊनची वेळही वाईट होती. मार्च ते मे हा मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचा हंगाम. वर्षातला रोख पैसा हातात येण्याचे हेच दिवस, आणि नेमके तेव्हाच आठवडी बाजार बंद. आश्रमशाळाही बंद झाल्या. तिथं दोन वेळ जेवणारी मुलं घरी आली आणि घरात खाणारी तोंडं वाढली.

मदत आली का?

आली, पण उशिरा. 2013 नंतर बंद पडलेली खावटी योजना राज्य सरकारने 2020 मध्ये पुन्हा सुरू केली. 11 लाख 55 हजार कुटुंबांना प्रत्येकी 4 हजार रुपये: निम्मे खात्यात, निम्म्याचा किराणा. प्रत्यक्ष वाटपाला मात्र 2021 उजाडलं. शिवाय बँक खातं आणि कागदपत्रं हवीतच. मोफत धान्यालाही रेशनकार्ड लागत होतं. म्हणजे ज्याच्याकडे कागद कमी, त्याच्यापर्यंत मदत सगळ्यात शेवटी.

आणि लातूर?

2011 च्या जनगणनेनुसार नांदेडमध्ये आदिवासी सुमारे 8.4 टक्के, तर लातूरमध्ये जेमतेम 2.3 टक्के. किनवट भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथं आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे. लातूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रच नाही. कुटुंबं विखुरलेली आहेत. किनवटचा आदिवासी दवाखान्यापासून लांब राहतो, तर लातूरचा यादीत पटकन सापडत नाही.

मग धडा काय?

विषाणू जात बघत नाही हे खरं. पण रेंज, रस्ता, रेशनकार्ड आणि जातीचा दाखला कोणाकडे आहे, यावर साथीचा फटका ठरतो. ही कामं साथ आल्यावर करून भागत नाही. पुढची साथ येण्याआधी गावागावात कार्ड, दाखले आणि बँक खाती पूर्ण झाली, तरच मदत वेळेवर पोहोचेल.