पॉइंट चाळीस की चाळीस?

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक पिस्टन टांगलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, हा कशाला? मी सांगतो, ही माझी शाळेची फी. मूळ मापापेक्षा तो किती मोठा, तो आकडा त्याच्या माथ्यावर कोरलाय: 0.40. मी 040 वाचलं होतं.

जीप आणि अँबेसेडर ही इंचात मोजायची इंजिनं. तिथे 040 म्हणजे चाळीस थाऊ, इंचाचे चाळीस हजारांश, एक मिलिमीटरला किंचित जास्त. फियाट इटलीची, तिचा हिशोब मिलिमीटरचा. 0.40 म्हणजे पुरे सोळा थाऊही नाहीत. पावसच्या एका बागायतदाराने त्याच्या फियाटसाठी मुंबईहून वापरलेले पिस्टन आणले होते. वर काजळी, पॉइंट बुजलेला. मी विशीतला, हात शिवशिवत होते. मायक्रोमीटर खणात आणि मी मशीनवर. चाळीस थाऊ बोअर मारून मोकळा झालो. पिस्टन आत सोडले तर डेऱ्यात रवी फिरावी तसे हलायला लागले. बाबा काही बोलले नाहीत. ब्लॉक आंबा घाटातून कोल्हापूरला उद्यमनगरात नेला, चारही स्लीव्ह बसवून पुन्हा मूळ 68 मिलिमीटरवर आणला, पैसे स्वतः भरले. परत आल्यावर त्यांनी एक पिस्टन भिंतीवर ठोकला आणि एक दुरेघी वही उघडली. तेव्हापासून इंजिन उघडलं की वहीत नोंद होते: बोअर किती, पिस्टन कुठला, हेडची जाडी किती उरली, गॅस्केट कुठलं.

पिस्टन निदान स्वतःचं माप अंगावर घेऊन येतो. हेड मुकं असतं. 1954 पासून आपल्याकडे आलेली ‘डुक्कर’ फियाट, मग 1964 ची डिलाइट, मग 1974 ला जिचं नाव पद्मिनी झालं ती, सगळ्यांचं बोअर 68, स्ट्रोक 75, म्हणजे 1089 सीसी. पण याच मापात फियाटने इटलीत 36 हॉर्सपॉवरपासून पन्नाशीपर्यंत मजल मारली, त्यात कॉम्प्रेशन वाढवण्याचा वाटा मोठा. म्हणून बोल्ट बसले म्हणजे हेड जुळलं, असं धरून चालू नका. त्यात आधीच्या कुणी गॅस्केट उडालं म्हणून दोनदा हेड घासून फेस मारला असेल, तर ते बाहेरून कळणारही नाही.

कळायचा मार्ग रॉकेलचा. व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर ठेवून हेड उलटं करायचं, चेंबरच्या काठाला ग्रीस लावून वर भोक पाडलेली काच दाबायची आणि सिरिंजने रॉकेल सोडत सीसी मोजायचे. चारही चेंबर एका सीसीच्या आत जुळले पाहिजेत. फियाटचा एक सिलिंडर सुमारे 272 सीसीचा. पिस्टन वर आल्यावर गॅस्केटसकट एकूण जागा 40 सीसी उरत असेल, तर कॉम्प्रेशन 7.8. हेड एक मिलिमीटर घासलं की साडेतीन सीसी जातात आणि तेच साडेआठला पोचतं. मग माथ्याला उठाव असलेले पिस्टन घातले तर हातखंब्याचा चढ चढताना इंजिन नॉकिंग मारायला लागतं आणि मालक पेट्रोलला शिव्या देतो. पिस्टन मात्र मी अजूनही सोनाराच्या काट्यावर तोलून आणतो. चौघांत पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक असला तर परत.

हे सगळं आता वर्तमानपत्रात सांगायचं कारण म्हणजे 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरून ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. मूळ कंपनीचा नवा माल आता बनत नाही. माझ्याकडे येणारे हेड-पिस्टन भंगारातले, एका गाडीचं डोकं दुसरीच्या धडावर. दुसरीकडे 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली, वीस हजार रुपये फी घेऊन, नंबरात ‘व्हीए’ घालून. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, इंजिनात मोठा फेरफार नको. अट मला मान्य आहे. पण तपासणार कशावरून? आरसीत नंबर आहे तो ब्लॉकवरचा. हेडचा नाही, पिस्टनचा तर नाहीच. एक मिलिमीटर ओव्हरसाइज झालेलं 1089 चं इंजिन प्रत्यक्षात 1122 सीसीच्या आसपास असतं, कागदावर 1089 च. यात लबाडी कुणाचीच नाही, झीज भरून काढायची रीतच ती. पण फेरफार कशाला म्हणायचं आणि दुरुस्ती कशाला, हे नोंदीवाचून ठरत नाही.

माझ्या मते व्हिंटेज नोंदणीच्या अर्जाला इंजिन उघडणाऱ्या कारागिराने सही केलेला मापांचा तक्ता जोडायला लावावा. नंबर जुळला की गाडी अस्सल, ही समजूत हौशी मंडळींनीही सोडावी. मी स्वतः नंबरापेक्षा मापाला मानतो. जुळणारा नंबर पण चार चेंबर चार मापांचे, अशी गाडी मला अस्सल वाटत नाही.

तुमच्या पडवीत ताडपत्रीखाली एमएच-08 च्याही आधीच्या नंबराची एखादी फियाट असेल, तर पुढच्या वेळी हेड उघडेल तेव्हा मेस्त्रीसमोर उभे राहा. बोअर, पिस्टनवरचा आकडा पॉइंटसकट, हेडची जाडी, चेंबरचे सीसी, एवढं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद आरसी बुकात ठेवा.