शिबिर पुरे, आता फाइल हातात घ्या

रमजानच्या दिवसांत घरोघरी जकातीचा हिशोब होतो. बचतीतले अडीच टक्के कोणाला द्यायचे, याची चर्चा इफ्तारनंतर रंगते. कायद्याच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींकडे जकात लागू होण्याएवढी बचत बहुधा नसतेच. त्यांच्याकडे असतो वेळ आणि अर्धामुर्धा शिकलेला कायदा. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात या दोन्ही गोष्टींची टंचाई आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. भीमाशंकर अभयारण्याच्या आसपासच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांना कसत्या जमिनीवर आणि हिरडा गोळा करण्याच्या जंगलावर हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा, सोबत किमान दोन पुरावे जोडायचे. नियम १३ मधल्या पुराव्यांच्या यादीत, दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचा लिहून घेतलेला जबाबही बसतो. म्हणजे जिला सातबारा वाचता येत नाही, त्या आजीचे सांगणे हाही पुरावा आहे. पण ते कोणीतरी नीट लिहून घ्यायला हवे. कोणता ओढा, कोणती देवराई, कोणाच्या आजोबांनी कुठे नांगर धरला. उपविभागीय समितीचा निर्णय विरोधात गेला, तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. निर्णयाचा कागद आढ्याला खोचून राहिला की ते दिवस निघून जातात.

विद्यार्थ्याला कोर्टात उभे राहता येत नाही, १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट तसे सांगतो. पण वरचे एकही काम कोर्टातले नाही. अर्धा कायदा शिकलेला मुलगा एखाद्याचा दावा बिघडवेल, ही भीती मात्र खरी आहे. म्हणून प्रत्येक कागद जुन्नर किंवा घोडेगाव कोर्टातल्या एखाद्या वकिलाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे.

आदिवासी व्यक्तीला मोफत वकील मिळण्याची सोय १९८७ च्या कायद्याने केली आहे, उत्पन्नाची अटही नाही. मात्र त्याच्या कलम १२ मध्ये व्यक्ती मोजल्या आहेत, संस्था नाहीत. इथे घोडे अडते. मूळ आंबेगाव डिंभे धरणात गेले, तालुक्याला नाव तेवढे उरले. त्या जलाशयावर विस्थापितांनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. अशा संस्थांना दरवर्षी लेखापरीक्षण लागते आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. गावचे देवस्थान किंवा वाचनालय सार्वजनिक न्यास असेल, तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. (मशिदीचे कागद वक्फ मंडळाकडे, रखडण्याची रीत तीच.) विश्वस्त वारल्यावर दहा-दहा वर्षे त्याचेच नाव चालू राहते आणि पुढे बँकेत सही जुळत नाही. ही कामे फार हुशारीची नाहीत, चिकाटीची आहेत.

महाविद्यालयांची कायदेविषयक शिबिरे होतात. फलक, हार, भाषण, चहा, गटाचा फोटो. गाडी पुण्याला परतते आणि आजीचा जबाब आजीपाशीच राहतो. दोष मुलांचा नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. ती स्वयंसेवी संस्थेत किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेतही चालते. मात्र वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. एवढ्यात दावा संपत नाही. तेव्हा गाव महाविद्यालयाने धरावे, विद्यार्थ्याने नव्हे. यंदाच्या मुलीने फाइल जिथवर नेली तिथून पुढच्या वर्षीच्या मुलाने उचलावी, आणि गुण भाषणाला न देता फाइल किती पुढे सरकली याला द्यावेत.

जाण्याची वेळही गावाला विचारून ठरवावी. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायला माणसे पहाटेच जंगलात जातात, जुलैत भाताची लावणी असते. ऑगस्ट सरताना गेले तर म्हातारी माणसे घरी भेटतात आणि बोलायला निवांत असतात.