नऊ लाखांची ‘स्वस्त’ गाडी



मागच्या रविवारी स्वाध्याय आटोपून आम्ही मंदिराच्या पायऱ्या उतरत होतो, तेव्हा माझ्या धाकट्या जाऊबाईंनी मला बाजूला घेतलं. पर्समधून एफडीची पावती काढली. “ताई, ही मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात हो?” पावती तीन लाखांची. माहेरच्या वाटणीतून भावांनी दिलेले पैसे, गेली नऊ वर्षं त्यांनी त्याला हात लावलेला नाही. कशासाठी मोडताय, विचारलं तर म्हणाल्या, लेकाला गाडी घ्यायचीय. घरात गाडी आहे. ही दुसरी. दोन दारांची, जर्मन, २०१२ची, दोन लिटर टर्बो इंजिनाची स्पोर्ट्स कार, पुण्याच्या एका दलालाकडे उभी आहे. नवी असताना पन्नास लाखांच्या पुढे होती, आता नऊ लाखांत मिळतेय. “एवढी स्वस्त परत मिळायची नाही, असं म्हणतोय तो.”

आज मला भांडायचंय ते या ‘स्वस्त’ शब्दाशी. आणि थोडं आपल्या सगळ्यांशीही.

आधी कबूल करते, मुलाला वेगाची हौस आहे यात मला काही वावगं वाटत नाही. आमच्या लग्नानंतर ह्यांच्याकडे येझदी होती आणि जिंतूर रोडला मी मागे पदर खोचून बसत असे. सासूबाईंना ते आवडत नसे. मला आवडत असे. त्यामुळे ‘आजकालची पोरं’ वगैरे मी म्हणणार नाही. मी बी.कॉम. आहे, मी हिशोब विचारणार.

पोराला घरी बोलावलं, पोहे दिले आणि वही उघडली. सगळे आकडे त्याच्याच तोंडून घेतले. सहा लाख कर्ज. बँकेने नाही म्हटलं, कारण बहुतेक बँका इतक्या जुन्या गाडीला कर्ज देत नाहीत. म्हणून खासगी फायनान्स, सोळा टक्के, पाच वर्षं. हप्ता १४,५९० रुपये. पाच वर्षांत व्याजच पावणेतीन लाखांच्या वर जातं. मी विचारलं, बँक नाही म्हणाली तेव्हा तुला काही वाटलं नाही का रे? बँकेला त्या गाडीत तारण दिसलं नाही आणि तुझ्या आईने त्यात आपली पावती घालायची?

मग पेट्रोल. आपला परभणी जिल्हा इंधनाच्या दराबाबत दरवेळी बातमीत असतो. मनमाडच्या डेपोतून टँकर येतो, वाहतूक लांबची, म्हणून राज्यातला सगळ्यात महाग दर बहुतेक वेळा आपलाच. लिटरला १०७ धरा, गाडी लिटरला नऊ किलोमीटर देते असं तोच म्हणाला, वर्षाला आठ हजार किलोमीटर. झाले पंचाण्णव हजार. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं. २०१२ची गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही, रबरी नळ्या आणि सील यांचं काय होईल ते मालकाने बघायचं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं म्हणे, पण ते मोठ्या शहरातल्या मोजक्या पंपांवर, आणि दर दीडपटीच्या आसपास.

विमा. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचेच ७,८९७ रुपये, वर जीएसटी. गाडीचा स्वतःचा विमा धरून बत्तीस हजार. इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन सहसा मिळत नाही, म्हणजे बंपर फुटला की घसारा कापून उरलेलंच हातात. सर्व्हिसिंगचे पंचेचाळीस हजार, त्यात गाडी संभाजीनगरला नेण्या-आणण्याचाही खर्च, कारण परभणीत तिला हात लावणारं कुणी नाही. रुंद, चपट्या टायरचे वर्षाला वीस हजार बाजूला. आपल्या काळ्या मातीतल्या रस्त्यांवर आणि विनाकारण उगवलेल्या गतिरोधकांवर ते टायर किती टिकतील हे मी त्याला विचारलं नाही, उगाच वाईट वाटलं असतं. गिअरबॉक्स किंवा एसी गेला तर म्हणून वर्षाला साठ हजारांची तरतूद, आणि ही मी कमीच धरली. बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात एसी बंद पडलेली काळी गाडी म्हणजे काय, ते परभणीकरांना सांगायला नको.

पावतीचं बुडालेलं व्याज सात टक्क्यांनी एकवीस हजार. कर्जाचं व्याज सरासरी पंचावन्न हजार. पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीला गेली असं समजा, म्हणजे वर्षाला नव्वद हजारांचा घसारा. बेरीज केली: वर्षाला ४ लाख १८ हजार. किलोमीटरला बावन्न रुपये! भाड्याची गाडी चौदा-पंधरा रुपयांत ड्रायव्हरसकट येते.

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मोठी आई, दुकानाच्या नावावर घेतो, खर्चात दाखवतो.” हे वाक्य मी आपल्या समाजात इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता त्याचा रागच येतो. प्रवासी गाडीवर पंधरा टक्के घसारा मिळतो, तो गाडी खरंच धंद्यासाठी वापरली तर. आणि समजा मिळाला, तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलात, तरी रुपयामागे तीस पैसे वाचतात. सत्तर पैसे खिशातूनच जातात ना? आणि साड्यांच्या दुकानाला दोन दारांची गाडी कशाला लागते हे अधिकाऱ्याने विचारलं तर काय सांगायचं? खोटं सांगायचं. मग सत्याणुव्रत कुठे राहिलं?

अजून एक. गाडी दिल्लीची आहे. तिकडे जुन्या गाड्यांवर बंदीची टांगती तलवार, म्हणून त्या इकडे स्वस्त होऊन येतात. तिथल्या आरटीओची एनओसी लागते, एमएच-२२ नंबर घ्यायचा तर महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तो वयाप्रमाणे कमी होतो खरा, पण हिशोब मूळ किमतीपासून सुरू होतो आणि मूळ पन्नास लाखांच्या गाडीला तो किरकोळ नसतो. दलालाच्या नऊ लाखांत हे नाही. शिवाय २०२७ साली गाडीला पंधरा वर्षं होतात. पुनर्नोंदणी, फिटनेस, पाच हजार फी, पर्यावरण कर. म्हणजे हप्ते २०३१ पर्यंत आणि नोंदणीची मुदत कर्ज जेमतेम सुरू झाल्यावरच संपते.

आपल्या मराठवाड्याला या वेडाची आठवण असायला हवी. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवसात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या, पासष्ट कोटींच्या. सगळ्या देशात नाव झालं. स्टेट बँकेने त्यासाठी सात टक्क्यांनी कर्ज दिलं आणि त्याच भागात ट्रॅक्टरचं कर्ज बारा टक्क्यांचं होतं, हे पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहिलं. त्या गाड्यांना आता पंधरा वर्षं उलटली. तशाच वयाच्या गाड्या आज आपल्या पोरांना मोबाइलवर ‘स्वस्त’ म्हणून दिसतात. २०२५ मध्ये जितोच्या मार्फत देशभरातल्या आपल्या लोकांनी १८६ महागड्या गाड्या एकत्र घेतल्या, एकवीस कोटींची सूट मिळाली. किती जणींनी ती बातमी अभिमानाने ग्रुपवर टाकली! मीही वाचली. एकजूट चांगलीच, पण तिच्यातून मागायचं काय, तर गाडीवर सूट?

रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी परिग्रह-परिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितलेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ, अतिभारवहन. पहिलंच वाहन आलं बघा. तिथे ते बैल-घोड्यांना शक्तीबाहेर राबवण्याबद्दल आहे, हे मला माहीत आहे, उगाच ओढूनताणून अर्थ लावत नाही. पण तिसरा, विस्मय, तो आजचाच आहे. दुसऱ्याचं वैभव बघून डोळे विस्फारणं. दशलक्षणात आकिंचन्याच्या दिवशी उपवास करायचा आणि दहाव्या दिवशी कुणाच्या मुलाने कुठली गाडी आणली ते स्टेटसवर बघत बसायचं, हे आपणच करतो, पुरुष नाही.

‘सेकंडहँड म्हणजे साधेपणाच की,’ असंही जाऊबाई म्हणाल्या. मी विचारलं, सीट कशाच्या आहेत? त्या गप्प. कातड्याच्या आहेत. कातड्याचा पट्टा काढून देवळात शिरणारी आपण माणसं, त्या गाडीत पाठ टेकून नेमगिरीला जाणार?

खरंच हौस असेल तर मार्ग आहेत, तेही मी वहीत लिहून दिले. आपल्या चाकणला २०२२ पर्यंत बनलेली पोलो, एक लिटर टर्बो, ११० हॉर्सपॉवर, हाताच्या गिअरची. त्या कंपनीच्या जुन्या सात गिअरच्या ऑटोमॅटिकच्या वाटेला जायचं नाही, दुरुस्ती महाग. कापडी सीटची बघायची. हजार सीसीच्या आत असल्याने थर्ड पार्टी २,०९४ रुपये. समृद्धीवर मर्यादा १२० आहे, तिथवर ती हसत जाते. रांजणगावची अबार्थ पुंटो त्याहून तेज होती, पण फियाटच्या नव्या गाड्या इथे येणं बंद झालं, भाग शोधत फिरावं लागतं. मात्र पैसे स्वतःच्या कमाईचे, आणि घेतल्यावर दीड लाख तरी बँकेत शिल्लक.

आणि कुठलीही जुनी गाडी घ्या, कागद आधी. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा, वाहनच्या नोंदीत कर्जाचा बोजा, चलनं, किती मालक झाले ते बघा, सर्व्हिसच्या पावत्या मागा, विम्याचे जुने दावे विचारा. हसण्यावारी नेऊ नका. डीसी अवंती ही भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून गाजली होती. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या प्रकरणात अटक केली, एकाच इंजिन-चेसिस नंबरवर दोनदा नोंदणी आणि एकाच गाडीवर अनेक कर्जं असे आरोप होते. नवीन गाडीबाबत असा संशय येऊ शकतो, तर तीन हात फिरलेल्या गाडीचं काय?

पण माझं खरं भांडण त्या पोराशी नाही, दलालाशीही नाही. दहा रुपयांच्या कोथिंबिरीला घासाघीस करणाऱ्या आपण, मुलगा नऊ लाखांचा कागद पुढे करतो तेव्हा ‘पोरगं खूश आहे ना’ म्हणून सही करतो. वही मागत नाही. माहेरचे पैसे हे आपल्या म्हातारपणाचं औषधपाणी आहे, ते आपल्याला कुणी परत देणार नाही, हे जाऊबाईंना मी स्पष्ट सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. दोन दिवस बोलल्या नाहीत.

काल फोन आला. शनिवारी मायलेक गाडी बघायला पुण्याला चाललेत, पावती अजून मोडलेली नाही. मीही येते म्हटलं. चेसिस नंबर वाचायला जवळचा चष्मा घेतलाय, आणि सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून दशम्यांचा डबा.